दुसऱ्याचा चाकर

सिरसाळ्यास आमचा मुक्काम सहा वर्षे होता. परळी वैजनाथाहून बीडकडे निघाले म्हणजे वाटेत हे गाव लागते. भोवताली काळी जमीन. तिच्यात ज्वारी, कापूस आणि अलीकडे सोयाबीन. तथापि येथील कित्येक घरांची चूल ह्या जमिनीवर पेटत नाही. ती पेटते दूरच्या उसावर. दसरा-दिवाळी उरकली की मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी लेकराबाळांसह, भांड्याकुंड्यांसह पश्चिम महाराष्ट्रातील साखर कारखान्यांकडे निघून जातात. तेथे नवराबायकोच्या जोडीस ‘एक कोयता’ म्हणतात. माणसाची मोजदाद हत्याराने करण्याची ही रीत प्रथम ऐकली तेव्हा आम्हांस चमत्कारिक वाटली होती. आम्ही पेशाने शाळामास्तर. दिवाळीनंतर वर्गातील बाके मोकळी व्हावयाची आणि उन्हाळा लागता लागता तीच मुले रापलेल्या तोंडांनी पुन्हा दारात उभी राहावयाची, हा क्रम पुढे आमच्या अंगवळणी पडला.

आम्ही जन्माने ख्रिस्ती, नगरकडचे. ज्या नगराचे नाव २०२४ साली अहिल्यानगर झाले, तेथले. आमच्या घराण्यात हा धर्म आजा-आजीपासून आहे. सिरसाळ्यास ख्रिस्ती म्हणण्याजोगी घरे अगदीच थोडी. रविवारी सायंकाळी आमच्या भाड्याच्या घराच्या पडवीत सातआठ माणसे जमत. पाळकसाहेब दोनतीन महिन्यांनी एकदा येत व त्या दिवशी प्रभुभोजन होई. एरवी वाचन, प्रार्थना आणि गाणी ही सर्व आमच्याकडे असत. हा अधिकार आम्हांस कोणी दिला होता असे नाही. परंतु ज्याच्या पडवीत सतरंजी अंथरली जाते त्याच्याकडे अधिकार न बोलावता चालत येतो, आणि एकदा आला म्हणजे तो जावयास मात्र सहसा तयार होत नाही.

ह्या मंडळीत एक ऊसतोडीची बाई येत असे. वय पस्तिशीच्या आतबाहेर. कारखान्याच्या तळावर असताना नगर जिल्ह्यातील कोणा ख्रिस्ती भजनीमंडळाची गाणी तिच्या कानी पडली, दोन हंगाम ती ती ऐकत राहिली आणि तिसऱ्या हंगामात तिने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याने घेतला नाही. पण त्याने तिला अडविलेही नाही. घरी म्हातारी सासू. बाईस अक्षरओळख नव्हती. ती दाराजवळ, चपलांच्या शेजारी बसे. पुढे सरका म्हटले तर ‘हितं बरंय’ म्हणे. गाण्यात तिचा आवाज सर्वांत उंच आणि सर्वांत बेसूर लागे. तिच्या कपाळास कुंकू असे, गळ्यात काळी पोत असे. त्याबद्दल आमच्या पत्नीने तिला एकदोनदा सुचवून पाहिले होते. ती हसली होती, एवढेच.

एका वर्षी आषाढी एकादशी रविवारी आली. सायंकाळी प्रार्थनेनंतर चहा व पोहे होते. तिने पोहे परत केले. विचारले तेव्हा सहज म्हणाली, ‘आज धरलीय ना.’

वाचकांस हे क्षुल्लक वाटेल. आम्हांस त्या वेळी वाटले नाही. पाळकसाहेब पुढच्या रविवारी येणार होते, प्रभुभोजन होणार होते, आणि पंगतीस कोण बसणार हे त्यांस आधी कळविण्याचा परिपाठ होता. आठवडाभर आम्ही ही गोष्ट मनात घोळविली आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर तिला बोलावून घेतले. आम्ही तिला म्हटले, की बाई, तुम्ही एका पायरीवर उभ्या राहा. दोन पायऱ्यांवर दोन पाय ठेवून चालावयाचे नाही. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘गुरुजी, मी उपास त्याच्याच नावानं धरते की. दुसरं कुणाचं नाव घेत न्हाई मी.’ आम्ही उत्तर दिले, ‘देवाला तुमच्या भगरीची गरज नाही.’ ह्या वाक्यावर आम्ही त्या वेळी मनातल्या मनात प्रसन्न झालो होतो, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. रागाच्या भरातही ‘तुम्ही’ सुटले नाही, ह्याचेही समाधान वाटले होते. तिने पदर सावरला, ‘बरं’ म्हटले आणि ती गेली. रविवारी ती आली नाही. दसऱ्यानंतर कोयत्याबरोबर निघून गेली, उन्हाळ्यात परत आली, बाजारात दिसली. पडवीत मात्र आली नाही. आम्ही पत्नीस म्हटले, ‘मुळात विश्वासच कच्चा होता.’

त्यानंतरच्या उन्हाळ्याच्या सुटीत एका व्याख्यानाच्या तयारीसाठी पंडिता रमाबाईंचा पत्रव्यवहार आमच्या हाती आला. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली तो १९७७ साली प्रसिद्ध केला आहे. रमाबाईंचे स्थूल चरित्र आमच्या वाचकांस ठाऊकच आहे: १८५८ सालचा जन्म, अरण्यात व तीर्थाटनात गेलेले बालपण, दुष्काळात गेलेले आईबाप, कलकत्त्याच्या पंडितांनी दिलेली ‘सरस्वती’ ही पदवी, अल्पकाळचे लग्न आणि वैधव्य. १८८३ साली त्या आपल्या लहानग्या मनोरमेस घेऊन इंग्लंडास गेल्या आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात वाँटेज येथील ख्रिस्ती भगिनींच्या मठात मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. ह्या मठाचे काम पुण्यातही पंचहौदापाशी चालू होते. तीच ओळख रमाबाईंस तिकडे घेऊन गेली होती.

सामान्य चरित्रे येथून उडी मारून शारदासदनावर येतात. परंतु मधली दोनअडीच वर्षे ह्या पत्रांत आहेत, आणि ती वाचू लागल्यावर आम्हांस पुस्तक खाली ठेववेना. बाप्तिस्म्यानंतर रमाबाईंनी मांसाहार केला नाही. लहानपणापासूनची सवय त्यांनी सोडली नाही, आणि ती सोडण्यास धर्मात काही कारण आहे असे त्यांस वाटले नाही. मठातील मंडळींस, विशेषतः त्यांच्या धर्ममाता जेराल्डिनबाई यांस, ह्यात जातीचा अभिमान उरलेला दिसला. बाप्तिस्मा घेतला, पण ब्राह्मण्य गेले नाही, असा तो आरोप. पुढे गोष्ट ताटापुरती राहिली नाही. त्रैक्याविषयी, ख्रिस्ताच्या जन्माविषयी, मंडळीच्या अधिकाराविषयी रमाबाईंचे प्रश्न होते. ते त्या मोकळेपणी विचारीत, आणि प्रत्येक प्रश्नामागे भगिनींस तोच गर्व दिसे. भगिनी गळ्यात क्रूस घालीत, त्यावर लॅटिन अक्षरे असत. ती अक्षरे आमच्या लोकांस काय कळणार, त्याऐवजी संस्कृत असावीत, असे रमाबाईंचे म्हणणे होते. तेही गर्वाच्याच खाती जमा झाले असल्यास नवल नाही.

तेव्हा रमाबाई चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात होत्या. तेथून त्यांनी धर्ममातेस जे उत्तर धाडले त्याची धार अजून गेलेली नाही. माझा गर्व तुम्हांला माझ्या पुडिंगात, दुधात, भातात, पायमोज्यांत, एवढेच काय पण मी रोज जाळते त्या कोळशातसुद्धा सापडेल, हवे तर शोधा, अशा अर्थाचे ते आहे. पुढे त्या विचारतात: एखादी इंग्रज बाई हिंदुस्थानात येऊन राहिली आणि शेजाऱ्यास उपद्रव न होणाऱ्या आपल्या चालीरीती तिने सोडल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हटलेले तिला कसे वाटेल? आपल्याला हिंदू म्हटलेले आवडते, कारण आपण हिंदूच आहो, असेही त्या एके ठिकाणी लिहितात. शब्द असे सरळ की त्यांस टेकू लागत नाही.

आमच्या हाती पेन्सिल होती. रमाबाईंच्या ओळींखाली आम्ही आनंदाने रेघा ओढीत होतो आणि जेराल्डिनबाईंच्या पत्रांच्या समासात उद्गारचिन्हे करीत होतो. ‘तुझ्याच कल्याणासाठी सांगते’ हा सूर, खाण्यापिण्याच्या बारीकशा गोष्टीवरून आत्म्याची परीक्षा, ममता आणि अधिकार ह्यांची एकत्र घातलेली वेणी! असे पुष्कळ चालले. मग एका समासात आम्ही ‘हिला विचारले कोणी?’ असे लिहिले आणि पेन्सिल थांबली. पडवी आठवली. शुक्रवार आठवला. भगर आठवली.

हे असे सांगितले म्हणजे एखाद्या उपदेशपर गोष्टीतल्यासारखे वाटते, हे आम्ही जाणतो. पण घडले ते असेच, आणि त्यात गोड असे काही नव्हते. त्या रात्री विजेचा खोळंबा झालेला, उकाडा, आणि आम्ही अंगणात खाट टाकून जागे.

पंचहौदाचे नाव वर आले आहे म्हणून एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. तिच्यात थोडी गंमत आहे. १८९० सालच्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनात काही प्रतिष्ठित मंडळींस व्याख्यानाच्या निमित्ताने बोलावणे गेले आणि तेथे चहा-बिस्किटे पुढे आली. लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे असे थोर लोक त्यांत होते. कोणी चहा घेतला, कोणी नुसता पेल्यास हात लावला. गोपाळराव जोशी यांनी सर्वांची नावे वर्तमानपत्रात छापून टाकली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली, प्रायश्चित्ते झाली. रानड्यांसारख्या पुरुषाने प्रायश्चित्त घेतले म्हणून सुधारकांनी त्यांस बोल लावला, आणि सनातन्यांनी तर आधीच लावला होता. तेव्हा पाहा: ज्या मिशनाच्या चहाने हिंदू बाटले, त्याच मिशनाशी नाते असलेल्या मठात पाचसात वर्षांपूर्वी एक ख्रिस्ती बाई ताटात मांस न घेतल्यामुळे दोषी ठरली होती. घेतले तरी अपराध, न घेतले तरी अपराध. आमच्या महाराष्ट्रात वाळीत टाकणे ही विद्या फार जुनी आहे. धर्म बदलला म्हणजे ती मागे राहते, अशी आमच्या लोकांची समजूत असते. ती सामानाबरोबर येते.

आता ह्या विषयावर ख्रिस्ती शास्त्र काय म्हणते ते पाहू. मत्तयाच्या शुभवर्तमानातील, दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ काढू पाहणाऱ्या माणसाची गोष्ट सर्वांस माहीत आहे. मूळ ग्रीकात ‘काडी’ आणि ‘तुळई’ आहे. मराठीत कुसळ आणि मुसळ असे झाले, आणि आम्हांस ते मुळाहून अधिक पटते. कुसळ म्हणजे काय हे सिरसाळ्याच्या बांधावरून चालणाऱ्यास सांगावे लागत नाही. ते दिसत नाही, पण धोतरात शिरले म्हणजे घरी येईपर्यंत टोचत राहते. तुळई घरात एका जागी असते. मुसळ मात्र घरची बाई रोज हाती घेते. म्हणूनच ते डोळ्यात गेलेले कळत नसावे.

परंतु आमच्या प्रकरणास नेमके लागू पडते ते पौलाच्या रोमकरांस पत्राचे चौदावे प्रकरण. हे पत्र सुमारे ५७ साली करिंथाहून लिहिले गेले असे विद्वान मानतात. त्याच्या काही वर्षे आधी क्लौद्य बादशहाने यहुद्यांस रोममधून घालविले होते. तो मेल्यावर ते परतू लागले. मधल्या काळात तेथील ख्रिस्ती मंडळीत ग्रीक-रोमी लोकांचे प्राबल्य झालेले. परत आलेल्यांपैकी कित्येक मांस वर्ज्य करून भाजीपाल्यावर राहत, ठराविक दिवस पवित्र मानीत; उरलेले सर्व काही खात आणि सर्व दिवस सारखे मानीत. एकाने दुसऱ्यास तुच्छ मानावे, दुसऱ्याने पहिल्यास दोषी ठरवावे, असे चालले होते. ताट आणि तिथी! एकोणीस शतके उलटली, तरी भांडणाच्या ह्या दोन वस्तूंत तिसरीची भर पडलेली नाही.

पौलाने निकाल कोणत्या बाजूने दिला? मताने तो सर्व खाणाऱ्यांच्या बाजूचा आहे, आणि तो ते लपवीत नाही. तथापि तो त्यांस जिंकू देत नाही. दिवस पाळणारा तो प्रभूसाठी पाळतो, खाणारा प्रभूसाठी खातो, न खाणाराही प्रभूसाठीच खात नाही, असे त्याचे म्हणणे. हे आम्ही शेकडो वेळा वाचले होते, पडवीत मोठ्याने वाचून दाखविले होते. ‘मी उपास त्याच्याच नावानं धरते की’ हे वाक्य त्या निरक्षर बाईने उच्चारले तेव्हा पौलच बोलला होता. फक्त सिरसाळ्याच्या बोलीत बोलला, म्हणून आम्हांस ओळखू आला नाही.

त्याच प्रकरणात पौलाने घरच्या चाकराचा दृष्टांत घेतला आहे: चाकर दुसऱ्याचा, तो उभा राहतो की पडतो हे त्याचा धनी पाहील, तू मध्ये कोण? मराठवाड्यात गुढीपाडव्यास सालगडी ठरतो. वर्षाचे धान्य, पैसे, कपडे काय ते बोलून होते आणि गडी त्या घरचा होतो. आता शेजारच्या बांधावरून कोणी त्या गड्यास ‘औत असे का धरलेस’ म्हणून दरडावू लागला, तर गडी बहुधा हसून पुढे जाईल. पण सायंकाळी त्याचा मालक भांडावयास येईल. दृष्टांताचा हा उत्तरार्ध पौलाने लिहिलेला नाही. आम्हांस मात्र त्या उकाड्याच्या रात्री तोच अधिक स्पष्ट दिसत होता.

कोणी म्हणेल, मग काय मंडळीत शिस्तच नको? तसे नाही. त्याच पौलाने करिंथकरांस लिहिताना व्यभिचारी, लोभी, मद्यपी, लुबाडणारा अशा भावाबरोबर पंक्तीसही बसू नये असे बजावले आहे. आता लोभ्याची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. आमच्या पडवीत एक गृहस्थ नियमाने येत. कपडे परीटघडीचे, गाण्याचे पुस्तक तोंडपाठ, वर्गणीत हात सैल. त्यांचा व्यवहार शेकडा पाच रुपये दरमहा व्याजाचा आहे, आणि उचल फेडता फेडता मोडलेली दोनतीन ऊसतोड्यांची घरे त्यांच्या वहीत आहेत, हे गावास ठाऊक होते व आम्हांसही ठाऊक होते. पाळकसाहेबांस नावे कळविताना त्यांच्या नावापाशी आमची लेखणी कधी अडखळली नाही. जेथे पौल ‘न्याय करा’ म्हणतो तेथे आम्ही भिडस्त, आणि जेथे तो ‘हात आवरा’ म्हणतो तेथे न्यायाधीश! ह्याचे कारण शोधण्यास फार खोल जावे लागत नाही. सावकारास बोलणे अवघड असते. भगर खाणारीस बोलणे सोपे असते. ती चपलांपाशी बसते.

आणखी एक गोष्ट सांगावयाची आहे, आणि ती लिहिताना हात जड होतो. आमची आजी सोमवारी जेवत नसे. बाप्तिस्मा होऊन तिला पन्नास वर्षे झाली होती; उपास असा शब्द तिने कधी काढला नाही; ‘आज भूक न्हाई’ एवढेच ती म्हणे, आणि तिची भूक नेमकी सोमवारी जात असे. घरात हे सर्वांस माहीत होते. आमची आई त्यावरून हसत असे, पण सोमवारी सायंकाळी आजीपुढे दुधाचा पेला न बोलता आणून ठेवीत असे. एकदा मंडळीतील कोणी ह्याबद्दल कुजबुज केली, तेव्हा आई किती संतापली होती ते आम्हांस स्पष्ट आठवते. आम्ही ही आठवण कित्येकांस मोठ्या कौतुकाने सांगितली आहे. आजीचा सोमवार आम्हांस गोड आणि ह्या बाईची एकादशी कडू. दोहोंत फरक एवढाच, की आजी आमची होती.

रात्रभर विचार करून आम्ही एका निर्णयास आलो: बाईकडे जावयाचे आणि सांगावयाचे की तुमचे काही चुकले नव्हते. सकाळी हे वाक्य पुन्हा उच्चारून पाहिले आणि ते आम्हांस आवडेनासे झाले. तुमचे चुकले असे म्हणणारा आणि तुमचे चुकले नाही असे म्हणणारा, दोघे एकाच खुर्चीवर बसलेले असतात. दोषी ठरविण्याचा अधिकार आमचा नव्हता, तर निर्दोष सोडण्याचा तरी कोठून आला? ज्या पेन्सिलीने आम्ही रमाबाईंस निर्दोष सोडले तिनेच, त्याच बैठकीत, जेराल्डिनबाईंस शिक्षा ठोठावली होती. ह्या बाईंविषयी पुढे शोध घेता एक गोष्ट ध्यानात आली. हा सर्व पत्रव्यवहार, ज्यात त्यांचाच कोतेपणा पानोपानी दिसतो, तो त्यांनीच जमवून जपून ठेवला. जपला नसता तर रमाबाईंची ती तेजस्वी उत्तरे आम्हांस वाचावयास मिळती ना. आपल्यावरचा पुरावा आपल्याच हाताने सांभाळून ठेवणाऱ्या स्त्रीविषयी घाईने काय बोलावे? आम्ही समासातील उद्गारचिन्हे खोडून टाकली. पुस्तक ग्रंथालयाचे होते, हे आणखी एक.

खुद्द रमाबाईंपुढेही पुढे हा प्रश्न उलट्या बाजूने आला. १९०५ साली केडगावच्या मुक्तिसदनात प्रार्थनेची लाट उठली. मुली रडत, ओरडत, एकाच वेळी मोठमोठ्याने प्रार्थना करीत. शांत उपासनेची सवय असलेल्या मिशनरी मंडळींपैकी अनेकांस हे रुचले नाही, त्यावर टीका झाली. शास्त्री घराण्यात वाढलेल्या, संस्कृत पाठाच्या शिस्तीतल्या रमाबाईंस तो गोंगाट स्वभावतः मानवला असेल असे आम्हांस वाटत नाही. तरी त्यांनी मुलींस आवरले नाही, आणि टीकाकारांपुढे त्यांची बाजू घेतली. त्यानंतर बारा वर्षांनी, १९१७ साली, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशनाची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ मांडला व त्यात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या, दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांस जागा ठेवली. तेव्हाही भुवया उंचावल्या. टिळकांस मात्र ह्या बाबतीत घरचाच अनुभव होता: १८९५ साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यानंतर पाच वर्षांनी लक्ष्मीबाईंचा, आणि त्या नवऱ्याकडे परत आल्या त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. असो. हे लांबले.

ज्येष्ठात एका सायंकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. पत्र्याचे छप्पर, पुढे शेणाने सारवलेले अंगण, एका कोपऱ्यात कोयते पोत्यात गुंडाळून ठेवलेले. सासू बाजेवर पडून होती. बाईने घाईने पोते झटकून अंथरले, पाणी दिले. आम्ही आठवडाभर मनात रचलेली वाक्ये तेथे एकही उपयोगी पडली नाहीत. ‘त्या दिवशी मी बोललो ते मी बोलावयास नको होते,’ एवढे कसेबसे म्हटले. ती म्हणाली, ‘त्यात काय गुरुजी.’ मग बाईंचा गुडघा कसा आहे म्हणून तिने आमच्या पत्नीची चौकशी केली, तळावर यंदा थंडी फार होती असे सांगितले आणि काळा चहा केला. बाजेवरून म्हातारीने विचारले, ‘कोण गं?’ ती म्हणाली, ‘मपलं गुरुजी हायेत.’

‘मपलं’ हा शब्द आमच्या मनात घर करून राहिला. निघताना आम्ही ‘या’ असे म्हटले नाही. म्हणावे की न म्हणावे हे ठरेना. म्हटले असते तर ते बोलावणे झाले असते की परवानगी, हे आमचे आम्हांसच कळत नव्हते.

ती आली, दोनतीन रविवार गेल्यावर. चपलांपाशी बसली. त्या वेळी नावे कळविण्याचा परिपाठ आम्ही मोडला होता. पाळकसाहेबांस लिहिले होते की जे येतील ते येतील, ज्याचे त्याने पाहावे. त्या सावकार गृहस्थांशी आम्ही एकदा बोललो होतो. त्यानंतर त्यांनी येणे सोडले होते, आणि त्याबद्दलही आमच्या मनात खात्री अशी काहीच उरलेली नव्हती. श्रावणात पाळकसाहेब आले. वाचन झाले, तिचा उंच बेसूर आवाज पुन्हा ऐकला. मग भाकरीचे ताट फिरू लागले. एकाकडून दुसऱ्याकडे होत होत ते दाराशी आले. तिने दोन्ही हात पुढे केले, आणि उचलण्यापूर्वी क्षणभर आमच्याकडे पाहिले.

आम्ही डोळे खाली घातले. ताट पुढे गेल्याचा आवाज आला तेव्हा वर पाहिले. तिने घेतले होते की नाही, हे आम्ही पाहिले नाही व कोणास विचारलेही नाही.